आडनावाच्या बाटल्या

“वास येतोय तो नाकाला कळतोय. त्याला बाटली कशाला हवी?”

माझ्या कानाशी कुणीतरी पुटपुटलं. कोण ते बघायला मान वळवायची गरज नव्हती. देवळाच्या सभामंडपात, पाहुण्यांच्या देखत असं बोलणारी आमच्या वाडीत एकच बाई होती, आणि ती माझी मोठी जाऊ होती.

“हिरावैनी, हळू,” मी म्हटलं.

“हळूच बोलतेय गो धाकटे. मोठ्यानं बोलले तर तात्या मला वाटेत उतरवतील.”

मयेकर तात्या एसटीत कंडक्टर होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी वाडीची सभा ते गाडीसारखीच चालवत. मागच्यांना पुढे सरकायला लावत, दारात लोंबकळणाऱ्यांना आत घेत, आणि कुणी मध्येच उठलं की “कुठे, स्टॉप आला काय?” म्हणून विचारत. त्या दिवशी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर रत्नागिरीच्या कॉलेजातल्या गद्रे मॅडम बसल्या होत्या. वय कोवळं, पायात गमबूट आणि मांडीवर रिकाम्या बाटल्यांची पिशवी. रसायनशास्त्र शिकवायच्या. आमच्या पऱ्ह्याचं पाणी तपासायला आल्या होत्या.

पऱ्ह्या म्हणजे ओढा. आमचा पऱ्ह्या वरच्या सड्यावरून, कातळाच्या पठारावरून उतरतो, वाडीतल्या घरांच्या परसामागून वळणं घेत जातो आणि खाली खाडीला मिळतो. मी लग्न होऊन भाटवण्यात आले तेव्हा बायका त्यात कपडे धूत होत्या, पोरं डुंबत होती. मग हळूहळू त्याचा रंग बदलला. दगडांवर काळी साय धरली. दुपारी वारा पडला की असा वास सुटायचा की जेवणारा माणूस ताटावरून उठून खिडकी लावायचा आणि पुन्हा बसायचा. पण काय बिघडलं, यावर कुणी बोलत नव्हतं. खिडक्या लावणं मात्र सगळ्यांच्या अंगवळणी पडलं होतं.

खिडकी लावून भागत नव्हतं ते एकट्या हिरावैनीचं. थोरले भावजी गेल्यावर तिनं खाडीच्या तोंडाशी तिसऱ्या काढायला सुरुवात केली. ओहोटी लागली की गुडघाभर चिखलात शिरायचं, हातानं चाचपून शिंपले गोळा करायचे आणि पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा. आमच्या सासूबाईंना, माईंना, ते सोसलं नाही. शिवलकरांची सून चिखलात उभी राहते, याचा त्यांनी एवढा बोभाटा केला की वैनी एक दिवस वळकटी उचलून खाडीकाठच्या जाळ्यांच्या खोपटात राहायला गेली. “तुमच्या ओटीला माझा चिखल नको लागायला,” म्हणाली. खोपटाला तिनं भिंती घातल्या, कौलं चढवली आणि तिथलीच होऊन राहिली.

म्हणून दोघींचं येणं-जाणं तुटलं असं मात्र नाही. रोज तिन्हीसांजेला माई हातात भांडं घेऊन उतारावरून खाली जात. उरलेली भाजी आहे, फुकट जाईल, म्हणत.

“उरलेली भाजी एवढी गरम कशी?” वैनी विचारायची.

“चुलीजवळ होती.”

“आणि वर नारळ ताजा.”

“खायची तर खा. नाहीतर कोंबड्यांना घाल.”

असं त्यांचं प्रेमाचं बोलणं.

त्या वर्षी बाजारातल्या एका लॉजवर जेवून कुणाकुणाची पोटं बिघडली. नाव भाटवण्याच्या तिसऱ्यांवर आलं. लॉजवाल्यानं वैनीची पाटी दारातून परत पाठवली, मग मासळीवाल्या बायकाही शेजारी बसू देईनात. गिऱ्हाईक पाटीपाशी येऊन “कुठल्या?” विचारायचं आणि भाटवणं ऐकलं की पुढे जायचं. नालासोपाऱ्याला वैनीची बहीण होती. तिच्या लेकीला मूल सांभाळायला माणूस हवं होतं. खाडी सुधारली नाही तर दिवाळीनंतर आपण निघालो, असं वैनीनं मला सांगितलं होतं. माईंना मी ते सांगितलं तेव्हा त्या पाठमोऱ्या होत्या. “जाऊ दे,” म्हणाल्या, आणि निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला लागल्या.

तर त्यासाठी त्या बाटल्या. गद्रे मॅडमनी समजावून सांगितलं ते असं: पऱ्ह्यावर प्रत्येक घरामागे एकेक जागा ठरवायची. त्या घरानं तिथलं पाणी पहाटे भरून द्यायचं. जिथून पाणी खराब व्हायला लागेल तिथे घाण मिसळते, हे उघड. एक संस्था मदत करायला तयार होती. टाक्या बांधून देणार होती, गाळ काढणार होती. फक्त जागा नक्की दाखवायची. “म्हणजे पाणी खराब निघालं तरच आपला फायदा आहे,” मॅडम हसून म्हणाल्या.

सभेत कुणी हसलं नाही.

मग त्यांनी पिशवीतून बाटल्या काढल्या. गोंधळ नको म्हणून प्रत्येक बाटलीवर त्यांनी चिकटपट्टी लावून ठळक अक्षरात आडनाव लिहिलं होतं. मयेकर. नागवेकर. शिवलकर. बाटल्या हातोहात मागे आल्या. आपलं आडनाव बघून प्रत्येक बाईनं बाटली पदराखाली घेतली, ते मी पाहिलं. त्याचा अर्थ तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

सभा आटोपल्यावर मॅडमना वाडी दाखवायला मी बरोबर गेले. परसांमागून जाताना त्या एकदम थांबल्या. “किती सुंदर कर्दळी,” म्हणाल्या. “प्रत्येक घरामागे, अगदी पाण्याच्या काठाला. एवढ्या जोमानं वाढलेल्या मी कुठे पाहिल्या नाहीत. खत कुठलं घालता?”

शेजारची सुगंधा नागवेकर आमच्याबरोबर होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी कर्दळीकडे पाहिलं.

“शेणखत,” सुगंधा म्हणाली.

वाडीत त्या वेळी एकही गाय-म्हैस उरली नव्हती.

ठरलेल्या दिवशी मी पहाटे उठून परसामागे गेले, बाटली बुडवली, झाकण घट्ट लावलं. पाणी चहासारखं आणि त्यावर साय. बाटली पडवीत ठेवून मी भाकऱ्या टाकायला गेले. परत येऊन बघते तर बाटलीतलं पाणी लख्ख.

“माई, ह्याला काय झालं?”

“गाळ खाली बसला असेल,” माई म्हणाल्या. त्या नारळाच्या आळ्याशी उभ्या होत्या.

“तळाशी तर काही दिसत नाही.”

“मग उडाला असेल. तुला भाकरी करपल्याचा वास येत नाय काय?”

भाकरी खरंच करपत होती. मी आत पळाले.

बाटल्या देवळात जमवायच्या होत्या. पायरीवर ओळीनं मांडल्या तर सोड्याच्या दुकानाची आठवण यावी. सगळ्या चमकत होत्या. सकाळचं ऊन त्यांतून आरपार जाऊन तात्यांच्या धोतरावर पडलं होतं. तात्या म्हणाले, नवरात्र तोंडावर आलं की पाणी निवळतं, पूर्वीपासूनचं आहे. सगळ्यांनी माना डोलावल्या. मॅडमनी एक बाटली उजेडात धरली, दुसरी धरली, भुवया वर केल्या. पण यंत्रं काय ते सांगतील, म्हणून त्या खोक्यात भरू लागल्या.

सगळ्यांत शेवटी हिरावैनी आली. तिच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली होती. तिनं कागद काढला. आत काळपट, दाट असं काहीतरी होतं आणि त्यात एक बोटाएवढा जीव वळवळत होता.

“अगो, हे काय आणलंस?” तात्या मागे सरले.

“पाणी सांगितलं होतंत ना?”

“जरा बघून भरायचं.”

“बघूनच भरलं. जसं आहे तसं.”

माई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या बाटलीवर शिवलकर असंच आडनाव होतं, खाली बारीक अक्षरात ‘खाडी’. माईंनी ते वाचलं आणि कपाळाला हात लावला. “हिला कधी चारचौघांत नीट येताच आलं नाही,” म्हणाल्या.

अहवाल आला तेव्हा पुन्हा सभा भरली. मॅडम आल्या, पण या खेपेला त्यांचा चेहरा गोंधळलेला होता. त्यांनी एकेका जागेचं वाचायला सुरुवात केली. सड्याखालची जागा, पाणी उत्तम. नागवेकरांची जागा, उत्तम. मयेकरांची जागा, पिण्यायोग्य. तात्यांनी मिशीवर हात फिरवला. आमची जागा, पिण्यायोग्य. एका जागेच्या पाण्याला तर मंद सुगंध असल्याचं प्रयोगशाळेनं मुद्दाम कळवलं होतं. जसजशी घरं पुढे जात होती तसतशा बायका ताठ बसत होत्या. दहावीचा निकाल लागल्यासारखं वातावरण झालं. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

“आणि शेवटची बाटली,” मॅडम म्हणाल्या, “अतिशय खराब. मैल्याचे जंतू मोजता येणार नाहीत इतके.”

त्यांनी कागद खाली ठेवला. “म्हणजे याचा अर्थ असा होतो, की पाणी वाडीतून पूर्ण स्वच्छ येतं आणि खाडीशी पोचता पोचता एकदम घाण होतं. तिथे घरं किती आहेत?”

“एक,” तात्या म्हणाले.

सगळ्या माना मागे वळल्या. हिरावैनी खांबाला टेकून बसली होती. तिनं एकेकाकडे सावकाश पाहिलं.

“बरं झालं कळलं,” ती म्हणाली. “एवढ्या सगळ्यांचं मी एकटी करते, हे मलाच ठाऊक नव्हतं.”

कुणी हसलं नाही. मी उभी राहिले आणि म्हणाले, “मॅडम, आमच्या घरामागचं पाणी मी स्वतः भरलं होतं, ते असं नव्हतं. ते चहाच्या रंगाचं होतं.”

मंडपात चुळबुळ झाली. सुगंधानं घसा साफ केला.

“आमच्यात मी काही फारसं केलं नाही हो,” ती म्हणाली. “नुसती तुरटी फिरवली.”

मॅडमना काही समजेना. “तुरटी? कशाला?”

“नाव होतं ना बाटलीवर. परक्या ठिकाणी जायची वस्तू. रत्नागिरीतली माणसं बघणार, नागवेकरांचं पाणी म्हणून. तसं काळं पाठवायचं?”

एकीनं तोंड उघडलं म्हटल्यावर बाकीच्यांना धीर आला. एकीनं पाणी चांगलं उकळून, निववून, धुतलेल्या पंच्यातून गाळून भरलं होतं. एकीला उकळूनही वास जाईना, म्हणून तिनं माठातली वाळ्याची जुडी बाटलीत बुडवून ठेवली होती. मंद सुगंध तिचा. सगळ्यांत वरच्या घरातल्या म्हातारीनं नातसुनेला पार सड्यावरच्या झऱ्यापर्यंत पिटाळलं होतं. प्रत्येकीला वाटत होतं की आपण एकटीनंच केलं. आता एकमेकींचे प्रकार ऐकून त्या हसायला लागल्या. तात्या गप्प बसलेले पाहून त्यांची बायको म्हणाली, “आमच्यात ह्यांनी भरलं. नळाचं.”

“नळ पण वाडीतलाच आहे,” तात्या म्हणाले.

मी माईंकडे पाहिलं. त्या पदराचं टोक सरळ करत होत्या.

“मी त्यात काही घातलं नाही,” त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. “नुसतं बदललं.”

गद्रे मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्यांचे डोळे भरून आल्यासारखे झाले होते. मला त्यांची दया आली. गमबूट घालून बिचारी केवढ्या उमेदीनं आली होती. त्या म्हणाल्या, संस्थेकडे कागद याच आठवड्यात जायचे आहेत. पुन्हा पाणी भरून, तपासून अहवाल यायचा म्हणजे हे वर्ष गेलं, आणि पुढच्या वर्षी संस्था दुसऱ्या गावी जाणार.

तात्यांनी लगेच सूत्रं हातात घेतली. त्यांना मार्ग सापडला होता. खरी बाटली एक आहे ना? मग तेवढंच लिहा. घाण हिराबाईच्या घरापाशी होते, म्हणून लिहा. मदत तर गावातच येईल. एकदा टाकी आली की कुठे बांधायची ते आपलं आपण बघू. “हिरा काय परकी आहे काय?” तात्या म्हणाले. “गावासाठी एवढं करील ती.”

“म्हणजे माझ्या नावावर,” वैनी म्हणाली.

“नुसतं कागदावर गो.”

“तो कागद बाजारात पोचायला किती वेळ लागतो, तात्या?”

सगळ्यांना कळत होतं. पोटं बिघडल्याचा नुसता बभ्रा झाला होता तर तिची पाटी परत आली होती. आता शिक्का मारून लिहिलं जाणार होतं, की भाटवण्याच्या खाडीत घाण करते ती तिसऱ्या विकणारी बाईच.

मॅडम म्हणाल्या, “असं खोटं मला लिहिता येणार नाही. पण खरं काय ते मला कुणी सांगितलंच नाही, तर जे अहवालात आहे ते मला द्यावं लागेल. कुणी स्वतः उभं राहून सांगितलं, की घाण इथून येते, तर मला बाटली नको. मी आत्ता येऊन डोळ्यांनी बघते आणि तसं लिहिते. कुठून येते?”

सभेतल्या प्रत्येकाला काहीतरी आठवलं. कुणी सड्यावरच्या काजूच्या कारखान्याचं नाव घेतलं. तो बंद पडून जमाना झाला होता. कुणी म्हणालं मुंबईचे पाहुणे मे महिन्यात येऊन घाण करतात. हा दसऱ्याचा सुमार होता. एकानं म्हशी काढल्या. सुगंधा म्हणाली, हवाच बदलली आहे हल्ली.

सभामंडपात तात्यांच्या डोक्यावर भिंतीला एक ढाल लटकलेली होती. तालुक्यातली सर्वांत स्वच्छ वाडी म्हणून आम्हाला मिळालेली. ती मिळाली त्या वर्षी तपासणीची माणसं यायच्या आधी घरोघरी संडास असणं भाग होतं. घाईघाईनं बांधकामं झाली. खड्डे खणायला घेतले तर हातभर मातीखाली जांभा लागला. कातळ फोडायला ना वेळ होता ना सुरुंग. मग पुरुषमंडळींनी मागच्या बाजूनं एकेक पाइप काढून पऱ्ह्याकडे वळवला. तात्पुरता. बायकांनी पाइपाच्या तोंडाशी कर्दळी लावल्या. तपासणीवाली माणसं पुढच्या दारानं आली, चहा प्याली, ढाल देऊन गेली. तात्पुरते पाइप राहिले. सगळ्यांचे होते आणि सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून कधी कुणाला कुणाजवळ बोलायची वेळ आली नव्हती. पाइप नव्हता तो एकट्या हिरावैनीच्या घराला. खाडीकाठची जमीन वाळूची. तिनं स्वतः फावडं घेऊन पुरुषभर खोल खड्डा खणला होता.

आमच्या घरचा पाइप माझ्या नवऱ्यानं टाकला होता. तो पुरुषांच्या रांगेत बसून छताच्या वाशांचा अभ्यास करत होता.

म्हशींचा विषयही संपला. मॅडमनी पेनाचं टोपण काढलं.

हिरावैनी उठली. लुगड्याची धूळ झटकली.

“लिहा तुम्ही,” ती मॅडमना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यानंच मला कसंतरी झालं. “मी तशीही नालासोपाऱ्याला जाणार आहे. गेलेल्या माणसाचं नाव लिहिलं तर कुणाला त्रास नाही.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “धाकटे, कोंबड्या तू ने.”

ती दाराकडे निघाली. वाट देण्यासाठी बायका पाय आखडून घेत होत्या. कुणीच वर बघत नव्हतं. मी उठणार एवढ्यात माझ्या खांद्यावर भार पडला. माई माझा आधार घेऊन उभ्या राहत होत्या. गुडघ्यांनी कुरकुर केली, तशी त्यांनी गुडघ्यांनाही एक शिवी दिली.

“माई, बसा हो,” तात्या म्हणाले. “झालंच आहे आता.”

“तुम्ही गप ऱ्हावा. हिरा, थांब तिथं.”

वैनी थांबली, पण वळली नाही.

“आणि नालासोपाऱ्याला कुणी जात नाय. लोकांची पोरं सांभाळायला जाते म्हणे. घरात काय कमी पडलंय?” एवढं बोलून माईंना धाप लागली. त्यांनी पदर खोचला आणि मॅडमकडे अशी नजर लावली, जशी काही सगळी चूक त्या पोरीचीच. “आणि तुम्ही, मॅडम. शिकलेल्या आहात, गमबूट घालून पऱ्ह्यात उतरलात, आणि कुणी खरं सांगावं म्हणून वाट बघत बसलात? घ्या, लिहा. घाण तिच्या दाराशी जाते, पण ती तिची नाय.”

“कुणाची आहे, आजी?”

माझा नवरा वाशांवरून खाली आला. तात्यांनी डोळे मिटले.

“आमची,” माई म्हणाल्या. “आमच्या संडासाचा पाइप पऱ्ह्यात सोडलाय.”